दौलत मिलचं स्वयंभू वन

जमिनीवर उभं राहून माणसाला जे दिसतं ते त्याचं मत असतं. नऊशे किलोमीटर उंचीवरून जे दिसतं ते सत्य असतं. हे एकदा पटलं की राज्यकारभारातल्या निम्म्या अडचणी आपोआप सुटतात, आणि उरलेल्या निम्म्या तेवढ्या उंचीवरून दिसत नाहीत.

हे तत्त्व इंदुरात रुजवण्याचं पुण्य 'उपग्रह प्रतिमा विवेचन कक्ष (वणवा)' या कचेरीच्या पदरी पडतं. देशानं आपली दारं-खिडक्या जगासाठी सताड उघडली, त्याच सुमाराला ही कचेरी सियागंजात मिरचीच्या एका ठोक व्यापाऱ्याच्या गोदामावर उघडली. खाली पोती हलली की वर शास्त्र शिंकायचं. (कक्षाच्या पहिल्या वार्षिक अहवालात 'प्रतिमांवरील अज्ञात ठिपके' असं एक स्वतंत्र प्रकरण आहे. ते या शिंकांचं.)

कक्षाचं काम सोपं होतं. इंदूरच्या दक्षिणेला घाट उतरत जातो त्या डोंगरांत दर उन्हाळ्यात वणवे लागतात. किती जंगल जळालं ते आकाशातून काढलेल्या प्रतिमा पाहून सांगायचं. पूर्वी हे काम नाकेदार करत. वनरक्षकाला आपल्याकडे नाकेदार म्हणतात, आणि तो म्हणेल तेवढंच जंगल असतं. नाकेदार काठी टेकत डोंगर चढायचा, गरम राखेत पाय भाजून घ्यायचा आणि खाली येऊन सांगायचा, "साहेब, थोडंफार जळालं." हा 'थोडंफार' आकडा एकोणीस वर्षं जराही हलला नाही. उपग्रहाचं तसं नाही. त्याला पाय नाहीत, त्याला मामा-मावशा नाहीत, त्याला कुणी घरी बोलावून दाल-बाफले खिलवू शकत नाही. असा निःस्पृह नोकर सरकारला पहिल्यांदाच मिळाला होता, आणि तो तसाच राहावा म्हणून त्याला जमिनीपासून नऊशे किलोमीटर दूर ठेवला होता.

या प्रतिमांची एक गंमत सामान्य माणसाला माहीत नसते. त्यांत हिरवं झाड लाल दिसतं. जळालेलं जंगल काळं दिसतं, शहर निळसर राखाडी, आणि उघडी पडलेली जमीन फिकट. पहिल्याच वर्षी एक बडे पाहुणे कक्ष बघायला आले. लालभडक डोंगर पाहून ते इतके हादरले की त्यांनी उभ्या उभ्या तीन बंब रवाना केले. बंब घनदाट हिरव्यागार जंगलात पोचले, आणि आता पाणी आणलंच आहे तर म्हणून आपापल्या गाड्या धुऊन परत आले. तेव्हापासून जिन्यात पाटी आहे: 'लाल म्हणजे हिरवं. कृपया घाबरू नये.'

या कक्षात ज्ञानदीप खंडारे हा तरुण 'विवेचक (हंगामी)' होता. आजोबा महूला पलटणीत, वडील किसनराव दौलत मिलमध्ये मागावर, आणि हा घरातला पहिला बी.एस्सी. उजेडाच्या टेबलावर प्रतिमा पसरायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि प्रत्येक रंगाला तक्त्यातला आकडा द्यायचा, हे त्याचं काम. काळ्याला चार, लालला तीन, निळसर राखाडीला सहा. पोरगं हुशार होतं, मान मोडून काम करायचं, आणि हंगामी असल्यामुळे कशालाच नाही म्हणायचं नाही. चांगल्या विवेचकाला याहून जास्त काही लागत नाही.

दौलत मिल मात्र एका सकाळी बंद झाली होती. भोंगा वाजला नाही, फाटकाला कुलूप आणि कुलुपाशेजारी नोटीस. अशा नोटिसा तेव्हा शहरभर लागत होत्या, आणि जाणकार मंडळी त्याला अर्थव्यवस्थेनं मोकळा श्वास घेणं म्हणत. (श्वास अर्थव्यवस्थेनं घ्यायचा असल्यामुळे कामगारांनी काही काळ रोखून धरावा, अशी अपेक्षा होती.) किसनराव तरीही रोज पहिल्या पाळीच्या वेळेला डबा घेऊन फाटकाशी जाऊन बसत आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी येत. बंद मिलमध्ये एकही खाडा न करणारा कामगार म्हणून त्यांचा सत्कार व्हायला हवा होता, पण सत्कार करायला मिलमध्ये कुणी उरलं नव्हतं.

घर म्हणजे मिलच्या भिंतीला लागून असलेल्या मिलच्याच चाळीतली एक खोली. खोली सोडली तर मिल उघडेल तेव्हा आपला माग दुसऱ्याच्या हातात जाईल, ही किसनरावांची पक्की समजूत. याच खोलीत सून आणायची, ही ज्ञानदीपच्या आईची, चंपाबाईंची. त्यांनी दारातून कौलांवर गिलक्याचे वेल चढवले होते. उन्हाळ्यात खाली गारवा राहायचा आणि संध्याकाळच्या भाजीचा प्रश्न सुटायचा. चाळीत सगळ्यांनीच तसे वेल चढवले होते. मिल बंद, पण गिलकी सुरू. एकूण काय, त्या घराकडे गमवायला एवढी एक खोलीच होती, आणि ती गमवायची त्या तिघांचीही तयारी नव्हती.

त्या साली डोंगर असा पेटला की चाळीच्या दारातून दक्षिणेचं आकाश तांबूस दिसायचं. प्रतिमा आली. ज्ञानदीपनं भिंग लावलं आणि मोजत गेला. अकराशे हेक्टर काळं.

एरवी अकराशे हेक्टरांनी कुणाचं काही बिघडलं नसतं. पण त्याच वर्षी वरून नवं धोरण आलं होतं: 'निव्वळ हानी शून्य'. म्हणजे जेवढं जंगल जळेल तेवढं कुठंतरी उगवलेलं दाखवलंच पाहिजे, नाहीतर कक्षप्रमुखानं लेखी खुलासा द्यायचा. कक्षप्रमुख होते संताजीराव फणसे. राहणार छत्रीबाग. त्यांचे पणजोबा दरबारात मशालजींवर देखरेख करत. आगीशी संबंध असा पिढीजात. सज्जन माणूस. उभ्या नोकरीत त्यांनी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं आणि कुठलाही खुलासा लिहिला नव्हता.

"क्या है कि खंडारे," फणसे साहेब म्हणाले, "जळालं ते जळालं. आता अपन काय ते विझवायला जाणार? पण आकडा शून्य पाहिजे."

"सर, काळं तर दिसून राहिलंय ना. अकराशे."

"काळ्याला कोण नाही म्हणून राहिलं? काळं राहू द्या. तुम्ही नवीन लाल शोधा. काळं वजा लाल, बस्स. सगळी शीट बघा, कुठं ना कुठं उगवलं असेलच."

ज्ञानदीपनं डोंगर पाहिले, पठार पाहिलं, नदी-नाले पाहिले. शेतं होती तिथं शेतं, खडक होते तिथं खडक. मग, काहीच उरलं नाही म्हणून, त्यानं भिंग खुद्द इंदूर शहरावर नेलं. राखाडी, राखाडी, राखाडी, आणि मधोमध रक्ताचा थेंब पडावा तसं लाल. त्यानं खान नदीचं वळण ओळखलं, पूल ओळखला, आणि तो ओरडलाच, "सर! ही आमची मिल!"

होय, दौलत मिलच. कुलूप लागल्यापासून आवारात विलायती बाभूळ माजली होती, गाजरगवत छातीपर्यंत आलं होतं, रंगखात्यात एरंड, कापूसगोदामात रुई, आणि चिमणीच्या कडेतून पिंपळ. शहरात नाही तेवढी हिरवळ त्या बंद आवारात होती. ज्ञानदीपला इतका आनंद झाला की विचारू नका. आपल्या बापाची मिल आकाशातून दिसते, आणि तीही ठसठशीत! त्यानं तिला ऐटीत तीनचा आकडा दिला. तीन म्हणजे वन.

फणसे साहेबांनी त्याची पाठ थोपटली. मिल होती एकतीस हेक्टर आणि काळं होतं अकराशे, पण ही अडचण फक्त गणिताची होती. डोंगरातलं झाड कुणासाठी श्वास सोडतं? चार कोल्हे आणि एक नाकेदार. तेच झाड इंदूरच्या पोटात उभं असेल तर हजारो नाकांना पुरतं. तेव्हा शहरातल्या एका हेक्टरला डोंगरातल्या हेक्टरच्या बरोबरीनं मोजणं हा शहरवासीयांचा अपमान आहे. या विचारातून कक्षानं 'नासिकागुणक' शोधून काढला. तो छत्तीस ठरला. (पस्तीस धरला तर हिशेब पंधरा हेक्टरांनी कमी पडत होता.) एकतीस गुणिले छत्तीस, अकराशे सोळा. डोंगर जळून राज्याचं जंगल सोळा हेक्टरांनी वाढलं.

हा अहवाल आजही वाचण्यासारखा आहे. त्यात एक तक्ता आहे: मिल चालू असताना कामगार चार हजार दोनशे, झाडं अकरा, मिल बंद झाल्यावर कामगार शून्य, झाडं असंख्य. त्यावरून काढलेला निष्कर्ष असा की, एक कामगार कमी झाला की सरासरी तेरा झाडं उगवतात. (असंख्य भागिले चार हजार दोनशे बरोबर तेरा, ही पद्धत परिशिष्टात समजावली आहे.) याच वेगानं कारखाने बंद पडत राहिले तर शतक संपायच्या आत राज्याचं वनाच्छादनाचं उद्दिष्ट पूर्ण होईल, एक रोप न लावता, असा दिलासा शेवटच्या पानावर दिला आहे. अहवालाची वर फार वाहवा झाली. ज्ञानदीपला कायम करण्याचा प्रस्ताव निघाला.

तो त्या संध्याकाळी सराफ्यातल्या हलवायाकडून मावाबाटी घेऊन घरी गेला.

"मिलीत जंगल?" चंपाबाई हसल्या. "अरे बाबू, ते तर काटे आहेत नुसते. मी रोज शेळी हाकलून राहिले तिथून."

"जंगल-बिंगल काही नाही," किसनराव मावाबाटी खात म्हणाले. "मिल उघडू दे. अपन पाचपन्नास जण कुऱ्हाडी घेऊन घुसलो ना, तर एका दिवसात साफ करून टाकू."

ज्ञानदीपही हसला. पोराला वाटलं, कागदावरचं जंगल कागदावर राहील. सरकारी नोकरीत नवा होता बिचारा.

सरकारनं आपल्या आकड्यावर विश्वास ठेवला. जे जंगल अहवालात आहे ते कायद्यातही असलं पाहिजे म्हणून दौलत मिलचं आवार 'स्वयंभू नागरी वन' म्हणून जाहीर झालं. फाटकावर शिट्टी आणि काठीसकट एक नाकेदार आला. तो डोंगरातून बदली होऊन आला होता आणि भलताच खूश होता, कारण हे त्याच्या आयुष्यातलं पहिलं जंगल होतं ज्याच्या समोर चहाची टपरी होती. त्यानं सगळे नियम तंतोतंत लावले. चंपाबाईंची शेळी अवैध चराई ठरली. भिंतीवरून बाहेर आलेल्या शेवग्याच्या शेंगा गौण वनोपज ठरल्या. चाळीतल्या चुली आणि स्टोव्ह 'वनक्षेत्रालगत उघडी ज्योत' झाले. आणि पहिल्या पाळीला येऊन बसणाऱ्या किसनरावांना त्यानं विचारलं, "काका, जंगलात फिरायचा पास?"

"मी फिरून नाही राहिलो," किसनराव म्हणाले. "मी ड्यूटीवर आहे."

नाकेदाराला हे पटलं, कारण तोही ड्यूटीवर होता. दोघं एका बाकावर बसू लागले.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण जंगल म्हटलं की जाळरेषा आली. वणवा आत येऊ नये किंवा बाहेर जाऊ नये म्हणून जंगलाच्या कडेनं एक पट्टा उन्हाळ्याआधी साफ करतात. गवत नाही, झाड नाही, काहीच नाही, नुसती उघडी माती. त्याला जाळरेषा म्हणतात. फार शहाणी पद्धत आहे, डोंगरात तिनं कित्येक जंगलं वाचवली आहेत. स्वयंभू वनाची जाळरेषा नकाशावर आखली गेली, पट्ट्याची रुंदी नियमाप्रमाणे धरली, आणि चाळ पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत त्या पट्ट्यात आली. नकाशावर त्या जागी 'झुडपी वन, काढून टाकणे' असं लिहिलेलं होतं. अक्षर ज्ञानदीपचं होतं. प्रतिमेत गिलक्याच्या वेलांनी आणि दोन मोठ्या कडुनिंबांनी झाकलेली कौलं लाल दिसली होती, आणि त्यानं मिलबरोबर त्यांनाही तीनचा आकडा देऊन टाकला होता. आपलं स्वतःचं छप्पर आहे, हे त्याला भिंगातून ओळखू आलं नव्हतं.

ज्ञानदीपनं नकाशा उचलला. तो धावत फणसे साहेबांकडे गेला.

"सर, तिथं माणसं राहतात. माझी आई राहते सर तिथं!"

"अरेरे," फणसे साहेब मनापासून म्हणाले. त्यांनी भिंग घेतलं, प्रतिमा पाहिली, परत पाहिली. "दिसत नाही पण."

"सर, एक ठिपका छत्तीस मीटरचा आहे. आई कशी दिसेल?"

"तेच तर मी म्हणून राहिलो. खंडारे, मी काय तुमचा दुश्मन आहे? जाळरेषा उन्हाळ्याआधी निघेल, त्याच्या आधी एक प्रतिमा येणार आहे. त्यात चाळ दिसू द्या. मी लगेच तीनचा सहा करतो. सहा म्हणजे वस्ती. मग कुणाच्या बापाची ताकद नाही हात लावायची."

यात नाव ठेवायला जागा कुठं होती? ज्याला आपण आहोत असं वाटतं त्यानं वरून दिसावं. ज्ञानदीपनं चाळीत सांगितलं की छपरं मोकळी करा. चंपाबाई कौलांवर चढल्या आणि रडत रडत, सरकारच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आपलेच वेल ओढू लागल्या. लगेच खालून शिट्टी. वेल आता वनात मोडत होते. नाकेदारानं एका गिलक्यासकट पंचनामा केला आणि हात जोडले, "आई, तुटलेलं एक पान दिसलं ना, तर माझी नोकरी जाईल."

चंपाबाईंनी ज्ञानदीपकडे पाहिलं. "तू लिहून आलास हे? तूच?"

लाजेनं त्याची मान वर होईना.

तोडगा किसनरावांना सुचला. "झाडाला हात नाही लावायचा ना? नाही लावत. झाकून टाकू."

चाळीतल्या प्रत्येक घरात एक ट्रंक होती आणि प्रत्येक ट्रंकेत दौलत मिलचा पांढरा सुती लठ्ठा होता. दिवाळीला मिळालेला, पोरींच्या लग्नासाठी ठेवलेला, मिल उघडल्यावर नवा मिळेल म्हणून जुना न वापरलेला. जानेवारीतल्या ज्या सकाळी उपग्रह इंदूरवरून जाणार होता, त्या सकाळी सगळ्या ट्रंका उघडल्या. बाया कौलांवर, पुरुष गल्लीत, पोरं कडुनिंबावर. या टोकापासून त्या टोकापर्यंत थानं उलगडत गेली, वेल झाकले गेले, गल्ल्या झाकल्या गेल्या, ऊन पडलं आणि सगळी चाळ पांढरीशुभ्र लखलखली. इतकं सुंदर कापड आपण काढत होतो, हे पुष्कळांना त्या दिवशीच दिसलं. एकदोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. नाकेदारानंसुद्धा एक टोक धरलं. (कापड धरायला मनाई करणारा नियम त्याला सापडला नाही.) किसनराव मधोमध कौलांवर उभे राहिले, आकाशाकडे पाहिलं आणि हातानं केस चापून बसवले. फोटो निघणार होता ना.

प्रतिमा आली तशी ज्ञानदीपनं ती उजेडाच्या टेबलावर पसरली. चाळ दिसत होती. अशी दिसत होती की भिंगाची गरज नव्हती. लाल मिलच्या कडेला पांढरा, रेघेसारखा सरळ, झगझगीत पट्टा. त्याला हसू आवरेना. तो प्रतिमा घेऊन फणसे साहेबांकडे गेला.

फणसे साहेबांनी चष्मा पुसला. तक्ता काढला. बोट फिरवत आले आणि थांबले.

"पांढरं म्हणजे दोन," ते म्हणाले. "ढग."

"सर, ढग नाहीये हा! लठ्ठा आहे. आमच्या घरचा लठ्ठा आहे."

"तक्त्यात लठ्ठा कुठं आहे, खंडारे?"

"सर, जानेवारी आहे. आकाश साफ होतं."

"मावठ्याचा असेल. थंडीतला पाऊस, येतो मध्येच."

"ढगाची सावली पडते सर. याची सावली दाखवा."

"खाली उतरला असेल."

"सर, ढग असा सरळ असतो? चौकोनी?"

फणसे साहेबांनी पुन्हा एकदा पाहिलं. "शिस्तीचा आहे," ते कौतुकानं म्हणाले.

आणि ढगाबद्दलचा नियम स्पष्ट होता: ढगाखाली काय आहे हे दिसत नसल्यामुळे, आधीच्या प्रतिमेत जे होतं तेच आहे असं धरावं. आधीच्या प्रतिमेत वन होतं. तीन. ज्ञानदीपनं 'इतर'चा रकाना मागितला. तो तिमाहीत एकदाच वापरता येतो, आणि या तिमाहीतला मिरचीच्या शिंकांवर खर्ची पडला होता.

ज्ञानदीप खुर्चीत बसून हमसाहमशी रडला. फणसे साहेबांनी स्वतः उठून त्याला पाणी दिलं. माणूस सज्जन होता हे आधीच सांगितलंय. मग त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं आणि खरोखर मनापासून शोधून एक वाट काढली. तिला म्हणतात भूसत्यापन. प्रतिमेबद्दल शंका असेल तर जमिनीवरच्या माणसाची साक्ष घेता येते. चाळवाल्यांची चालत नाही, कारण त्यांचा त्यात स्वार्थ आहे. ज्ञानदीपची चालत नाही, कारण तो कक्षाचा नोकर. नाकेदाराची चालत नाही, कारण त्यानं वस्ती पाहिली म्हणायचं तर एवढे दिवस त्यानं जंगल राखलं कुठलं? साक्ष हवी त्रयस्थ नागरिकाची. इंदुरातल्या कुणाही एका माणसानं, फक्त एका, कचेरीत येऊन सांगायचं की दौलत मिलच्या भिंतीला लागून माणसं राहतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. सही करायची. झालं. सहा.

"एकच?" ज्ञानदीपनं विचारलं.

"एकच. रीतसर नोटीस काढू, महिनाभर मुदत देऊ. अरे, अख्खं शहर तिथून जातं भिया! रांग लागेल."

ज्ञानदीपनं टेबल जिन्याच्या तोंडाशी आणून ठेवलं, म्हणजे येणाऱ्याला त्रास नको. चंपाबाई रोज डबा देताना विचारायच्या, "आलं का रे कोणी?" चाळीनं आशा सोडली नव्हती. एवढं मोठं शहर, एक माणूस नाही का मिळणार? किसनरावांनी तर त्या माणसाला द्यायला एक थान बाजूला काढून ठेवलं होतं.

आले ना, माणसं आली. एकजण स्वयंभू वनात सकाळी फिरायचा पास मिळेल का म्हणून विचारायला आला. एका बाईंना तिथं लेकीच्या साखरपुड्याचे फोटो काढायचे होते, मोर आहेत का हे त्यांना हवं होतं. आणि एक गृहस्थ मिरचीच्या दुकानाचा जिना चुकून वर आले. ज्ञानदीपनं त्यांना हात धरून बसवलं आणि सगळं सांगितलं.

"हो हो, बघितलीय ना ती चाळ," गृहस्थ म्हणाले. "बीस साल झाले, रोज तिथूनच जातो मी दुकानाला."

"मग सही करता का काका? इथं, एवढीच."

गृहस्थांनी पेन हातात घेतलं, कागद पाहिला, पेन खाली ठेवलं. "क्या है ना भिया, सही-बिहीच्या लफड्यात मी नाही पडत. दुसरं कोणी तरी देईलच ना." जाताना ते शिंकले.

मुदत संपली. जाळरेषा काढायला यंत्र आलं. चंपाबाई दारात आडव्या झाल्या, तेव्हा त्यांना उचलून बाजूला ठेवावं लागलं, आणि उचलणाऱ्यांत नाकेदार होता, तोही रडत होता. किसनराव त्या दिवशी फाटकाशी बसले नाहीत. नोकरीतला पहिला खाडा. ते रस्त्याच्या पलीकडे ट्रंकेवर बसून होते, आणि यंत्र त्यांच्या खोलीपाशी पोचलं तेव्हा एवढंच म्हणाले, "दिसत तर होतो आपण." पुढच्या प्रतिमेत तो पट्टा फिकट, स्वच्छ आणि अत्यंत सुस्पष्ट आला. ज्ञानदीपनं त्याला तक्त्यातला आकडा दिला, कारण तोपर्यंत तो कायम झाला होता.

आता कुणी म्हणेल, ती नोटीस मुद्दाम दडवली असेल. कक्षावर असा आरोप करणं अन्यायाचं आहे. नोटीस शहरातल्या सगळ्यात खपाच्या वर्तमानपत्रात आली होती, आणि ज्यांनी त्या दिवशी वर्तमानपत्र घेतलं नाही त्यांच्यापर्यंतही ती दुसऱ्या सकाळी पोचली. तुमच्यापर्यंतही पोचली. तुम्ही ती दोन्ही हातांत धरून चौकात उभे होता. तिच्यावर पोहे होते, पोह्यांवर जिरावनचा मसाला होता. तुम्ही खात गेलात तसा मजकूर उघडा पडत गेला. आधी 'दौलत मिल', मग 'वस्ती असल्याचे पाहिलेल्या', मग 'कोणीही एक नागरिक'. हळदीचा एक डाग सोडला तर सगळं नीट वाचता येत होतं. तुम्ही वाचलंतही. वाचून झाल्यावर तो कागद तसाच पुढे केलात आणि पोहेवाल्याला म्हणालात, "भिया, जरा शेव और डालना."